व्हॅलेंटाइन डे: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संक्रांत झाली की कोल्हापुरात या दिवसाबद्दलचे तेच-तेच प्रश्न कानावर पडायला लागतात. रंकाळ्याच्या कठड्यावर बसलेली मुलं विचारतात, राजारामपुरीत क्लासबाहेर पोरांची वाट बघणारे आईबाप विचारतात. मोबाइलवर फिरणारे मेसेज उत्तरं घेऊनच येतात, आणि त्यातली बरीचशी खोटी असतात. प्रेम हा आयुष्यातला फार मोठा विषय आहे. त्याच्या नावाने एक दिवस पाळायचा असेल किंवा नाकारायचा असेल, तर दोन्ही खऱ्या माहितीवर व्हावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून ही उत्तरं मुलांसाठी आहेत तशी त्यांच्या आईवडिलांसाठीही.

हा व्हॅलेंटाइन नेमका कोण होता?

तिसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्मासाठी जीव गमावलेला एक माणूस. किंवा दोन माणसं. जुन्या चरित्रांत एक व्हॅलेंटाइन रोममधला धर्मोपदेशक आहे आणि दुसरा रोमच्या उत्तरेला असलेल्या तेर्नी गावचा बिशप. दोघांचाही मृत्यू १४ फेब्रुवारीला झाल्याचं सांगितलं जातं आणि दोघांचंही दफन रोमहून उत्तरेला जाणाऱ्या फ्लामिनिया रस्त्यावर दाखवलं जातं. त्यामुळे मुळात एकच माणूस असावा आणि त्याच्या कथेला दोन फाटे फुटले असावेत, असं काही अभ्यासक मानतात.

रोममधल्या व्हॅलेंटाइनची कथा दुसरा क्लॉडियस बादशहा होता त्या काळात, म्हणजे इसवी सन २६८ ते २७० च्या दरम्यान घडते. ती लिहिली गेली मात्र त्यानंतर काही शतकांनी. त्या कथेत तो एका न्यायाधीशाच्या आंधळ्या मुलीला दृष्टी मिळवून देतो, ते बघून न्यायाधीशाचं सगळं घर ख्रिस्ती होतं आणि शेवटी बादशहा त्याचा शिरच्छेद करतो. श्रद्धेची आणि हौतात्म्याची ही कथा आहे. तिच्यात प्रियकर नाही आणि प्रेयसीही नाही.

पण तो सैनिकांची चोरून लग्नं लावून द्यायचा ना?

ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. लग्न झालेले पुरुष लढाईत कच खातात म्हणून क्लॉडियसने लग्नांवर बंदी घातली, आणि व्हॅलेंटाइन गुपचूप लग्नं लावत राहिला. ऐकायला गोड आहे. पण अशा बंदीची नोंद त्या काळातल्या कुठल्याही साधनात नाही. तुरुंगातून जेलरच्या मुलीला ‘तुझा व्हॅलेंटाइन’ अशी सही करून चिठ्ठी लिहिल्याचा प्रसंग तर फारच अलीकडचा. लोकांनी आधी हा दिवस प्रेमाचा केला आणि मग त्याला शोभेल असा संत घडवला. आपल्याकडच्या स्थळपुराणांतही हे घडलेलं दिसतं, त्यामुळे यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

हा दिवस रोमन लोकांच्या कुठल्यातरी जुन्या सणावरून आला, हे खरं का?

लुपरकेलिया नावाचा सण १५ फेब्रुवारीला होता, इतकं खरं. त्यात बोकडांचा आणि कुत्र्याचा बळी देत. मग तरुण त्या बोकडांच्या कातड्याच्या वाद्या घेऊन गावातून धावत आणि वाटेत भेटेल त्याला फटके मारत. तो फटका बसला की मूल होतं, बाळंतपण सोपं जातं, अशी बायकांची समजूत होती. पाचव्या शतकाच्या शेवटी पोप गेलासियस यांनी या सणाला कडाडून विरोध केला. व्हॅलेंटाइनचा दिवस त्यांनीच ४९६ मध्ये नेमून दिला, असं परंपरा सांगते. एवढ्यावरून ‘एक सण बंद करून दुसरा बसवला’ असा निष्कर्ष लोक काढतात. पण गेलासियसच्या व्हॅलेंटाइनचा प्रेमाशी काही संबंधच नव्हता, मग बदली कशाची झाली? लुपरकेलियात मुलींच्या नावाच्या चिठ्ठ्या उचलायचे, असंही सांगतात. प्राचीन रोमच्या कुठल्याही लेखनात ते सापडत नाही.

मग प्रेम त्यात आलं कधी?

चौदाव्या शतकाच्या शेवटी, इंग्लंडमध्ये, आणि एका कवीमुळे. जेफ्री चॉसर या कवीने १३८० च्या सुमारास पक्ष्यांच्या सभेवर एक दीर्घ काव्य लिहिलं. निसर्गदेवीसमोर सगळे पक्षी जमतात आणि आपापला जोडीदार निवडतात. तो दिवस सेंट व्हॅलेंटाइनचा. या दिवसाचा प्रेमाशी जोडलेला याहून जुना पुरावा आज हातात नाही. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड आणि बोहेमियाची अ‍ॅन यांचं लग्न १३८२ मध्ये झालं, त्या निमित्ताने हे काव्य लिहिलं असावं असा तर्क आहे.

मला या काव्यातली एक जागा फार मोलाची वाटते. तीन गरुड एकाच मादीला मागणी घालतात. प्रत्येक जण आपल्या निष्ठेच्या शपथा घेतो, बाकीचे पक्षी त्यावर भांडतात, आणि शेवटी निर्णय तिच्यावर सोपवला जातो. ती म्हणते, मला एक वर्ष विचार करायला द्या. निसर्गदेवी ते मान्य करते. या दिवसाच्या पहिल्याच काव्यात निवड मादीची आहे आणि तिला थांबायचा हक्क आहे. आज गुलाब पुढे करून तिथल्या तिथे उत्तर मागणाऱ्या मुलांनी एवढं तरी वाचायला हवं.

इंग्लंडात फेब्रुवारीच्या मध्यात कसले पक्षी जोड्या जमवतात, अशी शंका काही जण काढतात. तेव्हाचं कॅलेंडर वेगळं होतं. त्यांचा १४ फेब्रुवारी आजच्या हिशेबाने आठवडाभर पुढे पडायचा. थंडी ओसरायच्या त्या दिवसांत काही पाखरं गायला लागतात. आपल्याकडे तर या सुमारास पन्हाळ्याच्या वाटेवर सावर आणि पांगारा फुललेला असतो, आंब्याला मोहोर असतो. ऋतू कुणाचाच चुकलेला नाही.

जगातलं पहिलं व्हॅलेंटाइन पत्र कोणतं?

इंग्रजीत टिकून राहिलेलं सगळ्यात जुनं पत्र १४७७ च्या फेब्रुवारीतलं आहे. नॉरफोक परगण्यातल्या मार्जरी ब्रूज नावाच्या मुलीने जॉन पॅस्टनला ते लिहिलं, आणि आता ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात ती त्याला ‘माझा अतिशय प्रिय व्हॅलेंटाइन’ म्हणते. इथवरची माहिती सगळीकडे मिळते. पुढचं मात्र आपल्या लोकांनी नीट ऐकावं.

ते पत्र हुंड्याबद्दल आहे. दोन्ही घरांत देण्याघेण्याची बोलणी अडकली होती. मार्जरी लिहिते की आईने वडिलांपाशी खूप रदबदली केली, पण ठरल्यापेक्षा जास्त द्यायला ते तयार नाहीत. तुमचं माझ्यावर प्रेम असेल, आणि ते आहे असा माझा विश्वास आहे, तर एवढ्यासाठी मला सोडणार नाही. तब्येत आणि मन दोन्ही ठीक नाही, तुमच्याकडून काही कळेपर्यंत ठीक होणारही नाही, असंही ती सांगते. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं.

साडेपाचशे वर्षांपूर्वीची ही मुलगी करवीर तालुक्यातल्या किंवा गडहिंग्लजच्या एखाद्या घरात आज बसलेली असू शकते. बैठक मोडायच्या बेतात, वडील आतल्या खोलीत, आई दोघांच्या मध्ये. ‘देणंघेणं काही नाही, फक्त लग्न तेवढं चांगलं करून द्या’ या वाक्याखाली काय-काय दडलेलं असतं, ते आपल्याला सांगायला नको. कार्ड आणि टेडी विकत मिळतात, पण या दिवसाचा खरा वारसा कुठला असं कुणी विचारलं तर मी या पत्राकडे बोट दाखवतो. ज्या मुलाला मुलीवरचं प्रेम दाखवायचं आहे, त्याने आपल्या घरातली हुंड्याची भाषा थांबवावी. त्याहून मोठी भेट मला सुचत नाही.

कार्ड, चॉकलेट वगैरे कधी सुरू झालं?

ब्रिटनमध्ये १८४० मध्ये एका पेनीत कुठेही पत्र पाठवायची सोय झाली आणि व्हॅलेंटाइनची कार्डं लाखांनी जायला लागली. नाव न घालता पाठवायची रीत होती. त्याचा गैरवापर करून लोक एकमेकांचा अपमान करणारी कार्डंही पाठवत. पुढे त्यांना ‘व्हिनेगर व्हॅलेंटाइन’ असं नाव पडलं. अमेरिकेत एस्थर हाउलंड या तरुणीने १८४० च्या दशकाच्या शेवटी वूस्टर गावात लेस आणि रंगीत कागदाची कार्डं बनवायचा धंदा उभा केला आणि बायकांना काम दिलं. हृदयाच्या आकाराचा चॉकलेटचा डबा रिचर्ड कॅडबरी यांनी १८६० च्या दशकात बाजारात आणला.

म्हणजे ‘हा सण कंपन्यांनी काढला’ हे अर्धंच खरं आहे. कंपन्या येण्याच्या आधी साडेचारशे वर्षं लोक या दिवशी पत्रं आणि कविता लिहीत होते. कंपन्यांनी तो महाग केला.

लाल गुलाबच का? आणि हे गुलाब येतात कुठून?

ग्रीक आणि रोमन कथांत गुलाब हे प्रेमाच्या देवतेचं फूल. एकोणिसाव्या शतकात युरोपात कुठल्या फुलाचा काय अर्थ याची पुस्तकंच निघाली आणि लाल गुलाब प्रेमाच्या नावावर पक्का झाला.

कुठून येतात, हे मात्र कोल्हापूरकरांनी अभिमानाने सांगावं. शिरोळ तालुक्यात कोंडिग्रे भागात पॉलीहाऊसमधली मोठी फुलशेती आहे, आणि पुणे जिल्ह्यात मावळ हा तर गुलाबाचाच पट्टा. १४ फेब्रुवारीच्या फुलासाठी तयारी डिसेंबरमध्ये सुरू होते. साधारण महिन्याच्या मध्यात छाटणी करतात. तिथून फूल यायला दीड महिन्याच्या आसपास लागतो. थंडी जास्त पडली तर फूल मागे राहतं, ऊन तापलं तर पुढे येतं. दोन्हीत नुकसान शेतकऱ्याचं, कारण १६ तारखेला त्याच फुलाला तो दर नसतो. परदेशी जाणारा माल जानेवारीच्या शेवटापासूनच निघतो. त्यासाठी कळी घट्ट असतानाच तोडतात, दांड्याच्या लांबीप्रमाणे निवड करतात, वीस-वीसची गड्डी बांधून शीतगृहात ठेवतात. जवळच्या बाजारासाठी कळी थोडी उमलू देतात. लाल रंगात ‘टॉप सिक्रेट’ ही जात आपल्याकडे खूप चालते.

चौकात गुलाबाचा दर ऐकून कपाळाला आठी घालण्याआधी हा दीड महिना आठवावा. पॉलीहाऊसचं कर्ज डोक्यावर असलेल्या कुटुंबाचं वर्षाचं गणित बऱ्याचदा या आठ दिवसांवर बसलेलं असतं.

गुलाबच द्यायला पाहिजे का?

अजिबात नाही. महाद्वार रोडवरचा मोगऱ्याचा गजरा किंवा सोनचाफ्याची चार फुलं यांनी आपल्या बायकांचं मन शतकानुशतकं जिंकलं आहे. हुपरीच्या चांदीचे पैंजण घेता आले तर उत्तमच. पैसे नसतील तर चिठ्ठी लिहा, मार्जरीनेही तेवढंच केलं होतं.

क्यूपिड आणि आपला कामदेव एकच का?

एक नाहीत, पण दोघांच्याही हातात धनुष्यबाण आहे. क्यूपिड हा रोमन लोकांचा प्रेमाचा देव, व्हीनस देवीचा मुलगा. आपला मदन त्याच्यापेक्षा जास्त देखणा आहे असं माझं मत. त्याचं धनुष्य उसाचं, दोरी भुंग्यांची आणि बाण पाच फुलांचे: अरविंद, अशोक, आंब्याचा मोहोर, नवमल्लिका आणि नीलकमळ. वाहन पोपट. फेब्रुवारीत कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांचं गाळप चालू असतं, गुऱ्हाळं पेटलेली असतात, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. उसाचं धनुष्य घेणाऱ्या देवाला परका म्हणायचं असेल तर या जिल्ह्याने तरी म्हणू नये.

आपल्या संस्कृतीत असला काही सण होता का?

होता, आणि मोठ्या थाटाचा होता. वसंतात मदनोत्सव साजरा व्हायचा. सातव्या शतकातल्या हर्षाच्या ‘रत्नावली’ नाटकाच्या पहिल्याच अंकात त्याचं वर्णन आहे: सगळं नगर गुलालाने रंगलेलं, लोक नाचतायत, राणी अशोकाखाली मदनाची पूजा करते. वसंत पंचमीचंही मदनाशी नातं आहे, आणि २०२४ मध्ये तर ती बरोबर १४ फेब्रुवारीलाच आली होती.

पण मला आपल्या मातीतलं याहून जवळचं काही सांगायचं आहे. सातवाहन राजा हाल याने साधारण दोन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्री प्राकृतात सातशे गाथा गोळा केल्या. ती गाथासप्तशती. त्यात राजवाडे कमी आहेत आणि शेतं, नदीकाठ, गावंढी बायका, वाटसरू जास्त. एका गाथेत पाणपोईवर एक मुलगी वाटसरूला पाणी घालते आहे. तो तिच्याकडे बघत ओंजळीची बोटं फाकवतो, म्हणजे पाणी गळत राहील आणि पिणं लांबेल. ती काय करते? धार आणखी बारीक करते. दोघांत एक शब्द नाही. महाराष्ट्राच्या भाषेतलं सगळ्यात जुनं काव्य जर हे असेल, तर ‘प्रेमबिम आपल्याकडचं नाही’ असं म्हणणाऱ्यांनी नेमकी कुठली परंपरा वाचली, हे मला समजत नाही.

भारतात हा दिवस कधी रुजला?

१९९० च्या दशकात. १९९१ ला अर्थव्यवस्था खुली झाली, घरोघरी केबल आली, परदेशी संगीताच्या वाहिन्या आल्या. आर्चीजसारखी कार्डांची कंपनी १९७९ पासून होतीच, तिची दुकानं कॉलेजच्या आसपास दिसायला लागली. मागोमाग विरोध आला, कार्डं जाळली गेली, दुकानांच्या काचा फुटल्या. अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, १४ फेब्रुवारीला गाईला मिठी मारायचा दिवस पाळा असं आवाहन केंद्राच्या पशुकल्याण मंडळाने केलं आणि चारच दिवसांत मागे घेतलं.

७ ते १४ फेब्रुवारीच्या आठवड्याला काही इतिहास आहे का?

नाही. रोझ डे, प्रपोज डे, चॉकलेट, टेडी, प्रॉमिस, हग, किस आणि मग व्हॅलेंटाइन, असा क्रम आहे. आपल्या कॉलेजांत साडी डे, ट्रॅडिशनल डे आधीपासून असतात, त्यात हे मिसळून गेलं. सगळे दिवस पाळायलाच हवेत असं वाटून खिशाबाहेर खर्च करू नका.

१४ फेब्रुवारीला भगतसिंगांना फाशी झाली, आणि आपण गुलाब वाटतो. लाज नाही वाटत?

हा मेसेज दरवर्षी येतो आणि तो खोटा आहे. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशीची शिक्षा ७ ऑक्टोबर १९३० रोजी सुनावली गेली आणि २३ मार्च १९३१ रोजी लाहोरला फाशी दिली गेली. १४ फेब्रुवारी यातली कुठलीच तारीख नाही. ज्यांनी देशासाठी जीव दिला त्यांची तारीख बदलून लोकांना टोचण्यासाठी वापरायची, यासारखा अनादर नाही. २३ मार्चला त्यांची आठवण काढा.

पुलवामाचं काय?

ते खरं आहे. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर हल्ला झाला आणि ४० जवान शहीद झाले. आपला जिल्हा फौजेत मुलं पाठवणारा आहे. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं तर नावच सैनिक टाकळी. सकाळी गावातल्या स्मारकापाशी उभं राहणं आणि संध्याकाळी आपल्या माणसाला भेटणं, यात मला विरोध दिसत नाही. फौजेतल्या माणसाचीही घरी कुणीतरी वाट बघत असतंच.

त्या दिवशी आईवडिलांची पूजा करावी असं म्हणतात. करावी का?

मनापासून करायची असेल तर जरूर करा. प्रियकराला भेटायला जाऊ नये म्हणून घरात बसवून करायला लावली, तर ती पूजा होत नाही.

चर्चने हा दिवस रद्द केला, असं वाचलं.

१९६९ मध्ये रोमन कॅथलिक चर्चने सर्वसाधारण कॅलेंडरमधून तो काढला, कारण संताबद्दल खात्रीची माहिती फार थोडी होती. संत म्हणून नाव मात्र हुतात्म्यांच्या यादीत कायम आहे.

इतर देशांत कसा साजरा करतात?

जपानमध्ये १४ फेब्रुवारीला बायका पुरुषांना चॉकलेट देतात आणि पुरुष १४ मार्चला, म्हणजे व्हाइट डेला, परतफेड करतात. कोरियात एकटे असलेले १४ एप्रिलला काळ्या सॉसमधल्या शेवया खातात. फिनलंडमध्ये हा मैत्रीचा दिवस आहे. ब्राझीलमध्ये प्रेमिकांचा दिवस १२ जूनला असतो. मला सगळ्यात आवडते ती स्पेनमधल्या कॅटलोनियाची रीत. २३ एप्रिलला, संत जॉर्डीच्या दिवशी, तिथे गुलाबासोबत पुस्तक देतात. करवीर नगर वाचन मंदिराच्या या शहरात ती रीत कुणी उचलली तर किती छान होईल.

आमच्या पोरीला कुणीतरी गुलाब दिला. ओरडू का?

ओरडू नका. ओरडलात तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही, आणि अडचण आली तेव्हाही सांगणार नाही. आधी विचारा, तुला हवा होता का? उत्तर ‘नाही’ असेल तर तिच्या बाजूने उभे राहा आणि ‘तूच काहीतरी केलं असशील’ हे वाक्य तोंडातून काढू नका. उत्तर ‘हो’ असेल तर तिचं वय बघा, शांतपणे बोला. अठराच्या आत असेल तर कायदा कडक आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलामुलीची संमती शारीरिक संबंधांबाबत धरलीच जात नाही. ही गोष्ट मुलग्याच्या आईवडिलांनीही मुलाला समजावून सांगायला हवी, नंतर पोलीस ठाण्यात रडण्यापेक्षा आधी.

मुलगी ‘नाही’ म्हणाली, तर पुन्हा किती वेळा विचारायचं?

एकदाही नाही. तिच्या मागे-मागे क्लासपर्यंत जाणं, मैत्रिणींकरवी निरोप पाठवणं, नवनवीन अकाउंटवरून मेसेज करणं याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलाग म्हणतात. पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ती काही बोललीच नाही, तर तो होकार समजू नका. नकाराने दुखतं, फार दुखतं. ते मित्राला सांगा, बहिणीला सांगा, रडायचं असेल तर रडा. ते दुःख तिच्या दारात नेऊन टाकायचा हक्क मात्र कुणाला नाही.

रंकाळ्यावर किंवा पन्हाळ्यावर बसलो असताना कुणी अडवलं तर?

दोन सज्ञान माणसांनी सार्वजनिक ठिकाणी एकत्र बसणं, बोलणं, फिरणं हा गुन्हा नाही. सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल असं अश्लील वर्तन हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम २९६. त्यामुळे मर्यादा आपणच ठेवायची. संध्यामठाच्या बाजूला लहान मुलं, म्हातारी माणसं फिरायला आलेली असतात, त्यांचाही तो रंकाळा आहे.

अडवणारे पोलीस असतील तर नम्रपणे बोला, वाद घालू नका, काय चुकलं ते विचारा. दंड मागितला तर पावती मागा. अडवणारे पोलीस नसतील, तर तुम्हाला जाब विचारायचा, मारायचा, व्हिडिओ काढून फिरवायचा कसलाही अधिकार त्यांना नाही. ११२ वर फोन करा. एकांतासाठी पन्हाळ्याच्या तटाच्या सुनसान बाजूला किंवा जंगलाच्या वाटेला जाऊ नका. लुटारू अशाच जोडप्यांच्या शोधात असतात, कारण घरी कळेल या भीतीने ती तक्रार करणार नाहीत हे त्यांना माहीत असतं.

जात वेगळी आहे. घरचे कधीच मानणार नाहीत. कोल्हापुरात हे शक्य आहे का?

ज्या शहरात हा प्रश्न विचारताय, तिथल्या राजाने याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी दिलं आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता दिली आणि त्याच काळात आंतरजातीय विवाहालाही संस्थानात कायदेशीर आधार दिला. केंद्रीय कायदेमंडळात विठ्ठलभाई पटेलांनी असंच विधेयक मांडलं तेव्हा सनातन्यांचा गदारोळ उठला, पण महाराज त्याच्या पाठीशी उभे राहिले. कायदा करून ते थांबले नाहीत. मराठा आणि धनगर समाजांत सोयरीक व्हावी म्हणून त्यांनी इंदूरच्या होळकरांशी बोलणी केली, सुरुवात आपल्याच नात्यातून करायची ठरवली. ६ मे १९२२ रोजी त्यांचं निधन झालं. पुढे १९२४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातल्या संयोगिताराजे होळकरांच्या घरी सून म्हणून गेल्या.

महाराजांचं नाव आपण चौकाला देतो, कॉलेजला देतो, भाषणात तीन-तीनदा घेतो. त्याच नावाच्या मिरवणुकीत नाचलेला माणूस घरी येऊन मुलीला ‘जातीबाहेर गेलीस तर तू आम्हाला मेलीस’ म्हणतो, तेव्हा मला फार वाईट वाटतं. महाराजांना मानायचं असेल तर ते अशा वेळी मानावं लागतं.

आता व्यवहाराचं. मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण असेल, तर लग्नाला घरच्यांची किंवा पंचांची परवानगी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हे स्पष्ट केलं, आणि मार्च २०१८ मध्ये अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, सुरक्षित निवारा द्यावा, असे आदेश दिले. जिवाची भीती असेल तर पोलीस अधीक्षक कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आंतरजातीय जोडप्यांसाठी राज्याची ५० हजार रुपयांची प्रोत्साहन योजना आहे. तिच्यासाठी दोघांपैकी एक जण मागासवर्गीय असावा लागतो. समाज कल्याण विभागात चौकशी करा.

आणि एक विनंती. घाईने पळून जाऊ नका. आधी दोघांपैकी निदान एकाच्या हाताला काम असू दे, राहायची सोय असू दे. घरात बोलून बघा. आई नाही ऐकली तर मामा, आत्या, थोरली वहिनी, कुणीतरी ऐकणारं असतं.

मुलगा-मुलगा किंवा मुलगी-मुलगी असं प्रेम असेल तर?

६ सप्टेंबर २०१८ पासून सज्ञान व्यक्तींमधलं असं प्रेम आपल्या देशात गुन्हा नाही. लग्नाची कायदेशीर मान्यता अजून नाही. हा दिवस तुमचाही आहे.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली. आम्ही काय करायचं?

तुम्हीच तर करायला हवं. मुलांना प्रेम कसं असतं हे घरात दिसलं, तर ती ते मोबाइलवर शोधत फिरणार नाहीत. मंगळागौरीत आणि बारशात उखाण्यातून एकमेकांचं नाव घेणारी ही माणसं एरवी ‘अहो’ आणि ‘ऐकलंत का’ यावर का थांबतात? नाव घ्या. त्या दिवशी स्वयंपाकाला सुट्टी द्या. तांबडा-पांढरा नवऱ्याने करावा, नाही जमला तर मिसळ खायला बाहेर न्यावं. जेवण झाल्यावर रंकाळ्याला एक फेरी मारा.

आम्हाला १४ फेब्रुवारीलाच नोंदणी लग्न करायचं आहे. अर्ज कधी द्यायचा?

विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे करणार असाल तर विवाह अधिकाऱ्याकडे आधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दिलेली बरी, संक्रांतीनंतर द्याल तर तारीख हुकेल. नोटीस देण्याआधी दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत असायला हवा. नोटीस कार्यालयात लावली जाते, त्यामुळे घरी कळू शकतं, ही तयारी ठेवा. नोटीस तीन महिने चालते. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. त्यांची ओळखपत्रं, तुमचे वयाचे आणि राहण्याचे पुरावे, फोटो आधीच एका फायलीत लावून ठेवा. आणि १४ तारीख शनिवारी किंवा रविवारी येते का ते कॅलेंडरात बघा. २०२७ मध्ये ती रविवारी आहे, तेव्हा त्या वर्षी शुक्रवार १२ किंवा सोमवार १५ यांपैकी कुठला दिवस मिळतो ते कार्यालयात विचारून घ्या.